एकशेवीसपर्यंत नॉर्मल

शालूबाई तीन महिन्यांसाठी म्हणून सांगलीला गेली, त्याला एकोणीस महिने झाले होते.

लेकीला, दीपमालाला, जुळं झालं आणि तेही सातव्या महिन्यातच. मुलगा ऋषिराज, मुलगी साक्षी. दोघं मिळून साडेतीन किलोही भरली नव्हती. दीपमाला सांगलीत फार्मसी कॉलेजात शिकवायची. जावई विश्वजित कुपवाडच्या एमआयडीसीत पाळ्यांवर कामाला. त्याची आई लहानपणीच गेलेली. त्यामुळं शालूबाईनं जायचं की नाही, हे कुणी कुणाला विचारलंच नाही. तिनं चार साड्या पिशवीत घातल्या, म्हशीच्या पाठीवरून हात फिरवला आणि नवऱ्याला म्हणाली, पोरांनी जरा जीव धरला की येते.

पोरांनी जीव धरला. बाळसं आलं, मग रांगायला लागली. तोवर दीपमालाची रजा संपली. मग पोरं चालायला लागली, आणि दोन चालती पोरं सांभाळायची म्हणजे दोन रांगत्या पोरांपेक्षा जास्त काम. यात कुणाची लबाडी नव्हती. आकारामला ते कळत होतं, म्हणून तर त्याला कुणावर रागावताही येत नव्हतं.

आकाराम शेलार मेढ्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीतल्या गावात राहायचा. वय चौसष्ट. चोवीस वर्षं सैन्यात काढली, ती सगळी गाड्यांच्या वर्कशॉपात. हवालदार मेकॅनिक म्हणून निवृत्त झाला आणि मेढ्यात स्टँडच्या मागं गॅरेज टाकलं. गुडघ्यांनी त्रास द्यायला सुरुवात केली तसं पाचेक वर्षांपूर्वी तेही बंद केलं. आता दीड एकर भाताचं रान, एक म्हैस आणि सैन्याच्या कॅन्टीनमधून घेतलेली दीडशे सीसीची मोटारसायकल. शेजारी चुलतभाऊ ज्ञानूचं घर.

स्वयंपाक त्याला येत होता. सैन्यात राहिलेल्या माणसाला भाकरी थापता आली नाही तरी पोट भरता येतं. अडायचं ते दुसरीकडंच. ज्ञानूच्या सुनेचं काही तरी ऐकून यायचा, दारात चप्पल काढता काढता 'ऐकलंस का' म्हणायचा आणि तिथंच थांबायचा. झोपताना अजून भिंतीकडच्या बाजूलाच झोपायचा, कारण दाराकडची बाजू शालूबाईची. पहाटे उठून तिला पाणी तापवायला लागायचं म्हणून ती तिकडं झोपायची. आता पहाटे कुणीच उठत नव्हतं, तरी ती बाजू मोकळीच राहायची.

कधी कधी त्याला वाटायचं, आपण जम्मूला, झाशीला, पुढं तेजपूरला होतो तेव्हा ही काय करत असेल? वर्षातून दोन महिने रजा. बाकीचे दहा महिने ती याच घरात, सासू-सासऱ्यांत आणि लेकीत. त्यानं तिला तेव्हा कधी विचारलं नव्हतं. पत्रात लिहायचा, मी खुशाल आहे, तू खुशाल राहा. आणि ती खुशाल आहे असं धरून चालायचा.

फोन दुपारी दोनच्या सुमारास व्हायचा. तेव्हा पोरं झोपलेली असायची. शालूबाई स्वयंपाकघरात जाऊन हळू आवाजात बोलायची. जेवला का, जेवलो. म्हशीनं किती दिलं, पोरांनी काय केलं. एवढं झालं की दोघांकडचंही बोलणं संपायचं. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांना फोनवर बोलायची सवय अशी लागलीच नव्हती. मग ती गाडीचं विचारायची. चालू करता का, बॅटरी हाय न्हवं, टायरात हवा हाय न्हवं. गाडीचं विचारलं की आकाराम पाच मिनिटं तरी बोलायचा, आणि तिला तेच हवं असायचं.

एप्रिलमध्ये अशाच एका दुपारी गाडीचं बोलणं संपल्यावर ती म्हणाली, "लय दिस झालं मागं बसून."

तेवढ्यात आत कुणी तरी उठलं, रडलं आणि फोन बंद झाला.

ते वाक्य आकारामच्या डोक्यातून गेलं नाही. रजेवर आला की तो तिला मागं बसवून बाहेर काढायचा. तेव्हाची गाडी जुनी, दुसऱ्याकडून घेतलेली. कधी वाईला घाटावर, कधी साताऱ्याला, नुसतंच राजवाड्यापाशी बसून परत. ती एका बाजूला पाय सोडून बसायची, एक हात त्याच्या खांद्यावर. गावाची हद्द संपेपर्यंत तो हात नुसता टेकलेला असायचा. हद्द संपली की खांदा घट्ट धरायची. गावात हे कुणाला माहीत नव्हतं आणि त्या दोघांतही त्यावर कधी बोलणं झालं नव्हतं.

त्यानं ठरवलं, मे महिन्यात गाडी घेऊन सांगलीला जायचं आणि तिला मागं बसवून घरी आणायचं. पंधरा दिवसांसाठी का होईना.

मग तो कामाला लागला. इंजिनचं तेल बदललं, व्हॉल्व्हचं अंतर बसवलं, प्लग काढून पुसला. सिलिंडरच्या बाहेरच्या पट्ट्यांमध्ये चिखल बसून दगडासारखा झाला होता. तो लाकडाच्या ढलपीनं खरवडून काढला, कारण त्या पट्ट्यांमधून वारा गेला तरच इंजिन गार राहतं. सीटवर ती बसते तिथं फोम दबला होता. मेढ्याला जाऊन तेवढा भाग नवीन करून आणला. शालूबाईला मात्र फोनवर एवढंच सांगितलं की पोरांना बघायला येतोय. न्यायला येतोय, हे त्याला सांगता आलं नाही. ती नाही म्हणाली तर काय, हा एक प्रश्न. आणि हो म्हणाली आणि तिकडं दीपमालाचं अडलं तर काय, हा दुसरा.

आदल्या दिवशी विश्वजितचा फोन आला. मामा, गाडीवरून येऊ नका, असं त्याचं म्हणणं. पारा बेचाळीसवर गेलाय, कराडला पुलाच्या कामामुळं तास-दोन तास गाड्या अडकतात. त्याच्या कारखान्यातल्या एकाचं इंजिन गेल्याच आठवड्यात ट्रॅफिकमध्ये जाम झालं होतं. एसटीनं या, मी स्टँडवर घ्यायला येतो.

जावई काळजीनं बोलत होता. पण इंजिनाचं आपल्याला कुणी सांगावं, हे आकारामला झेपणारं नव्हतं. त्यानं सविस्तर समजावलं. हवेवर गार होणारं इंजिन तापतं म्हणजे बिघडतं असं नाही, तापायलाच पाहिजे. चालत्या गाडीत तेल शंभर अंशांच्या आसपास असतं. उन्हाळ्यात एकशेवीसपर्यंत नॉर्मल. ट्रॅफिकमध्ये आणखी दहा वर चढलं तरी घाबरायचं कारण नाही, गाडी पळायला लागली की उतरतं. सिलिंडरचं डोकं तर दीडशेलाही मजेत असतं. एकशेचाळीसच्या वर तेल गेलं आणि तिथंच राहिलं, तर काळजी. तुझ्या दोस्ताच्या गाडीत तेलच नसणार.

"मामा, इंजिनचं नाही हो," विश्वजित म्हणाला, "तुमचं."

आकाराम हसला. म्हणाला, "मी राजस्थानात उन्हाळं काढल्यात, जावईबापू."

पहाटे पाचला निघायचं ठरलं होतं. पण म्हशीनं त्या दिवशी वैरणीला तोंड लावलं नाही. डॉक्टरला बोलावणं, इंजेक्शन देणं, ज्ञानूला सगळं समजावून सांगणं, यात साडेनऊ वाजले. कुणीही शहाण्यानं त्या दिवशी जाणं रद्द केलं असतं. आकारामनं मागच्या कॅरिअरला पिशवी बांधली. पिशवीत दहा किलो तांदूळ आणि स्टीलच्या डब्यात करवंदं. ती आदल्या संध्याकाळी ओढ्याच्या वरच्या जाळीतून स्वतः तोडली होती. पाण्याची बाटली घेतली, पण पाणी घोट-घोटच प्यायचं असं ठरवून. त्याला रक्तदाबाची गोळी होती. त्या गोळीनं सारखी लघवीला व्हायची, आणि दुखऱ्या गुडघ्यांनी दर दहा मैलांवर उतरायचं त्याला नको वाटायचं.

साताऱ्यापर्यंत वारा बरा होता. हायवेला लागल्यावर तो गरम झाला. उंब्रज गेलं तेव्हा हेल्मेटच्या आत घामाच्या धारा लागल्या होत्या, पण गाडी मस्त चालली होती. साठच्या वर न्यायची नाही हा त्याचा नियम. इंजिनाचा आवाज सकाळपासून बदलला नव्हता. बारा वाजून गेल्यावर कराडच्या अलीकडं पुढच्या ट्रकचे लाल दिवे लागले आणि सगळं थांबलं.

पुलाच्या कामासाठी रस्ता अर्धा बंद होता. पुढं कुठं तरी कंटेनर आडवा झालाय म्हणे. एका बाजूला पत्र्याचं कुंपण, दुसऱ्या बाजूला ट्रकांची रांग, मध्ये दुचाक्या. झाड कुठं नव्हतं. डांबरातून येणारी वाफ डोळ्यांना दिसत होती. पाच मिनिटांत दहा फूट पुढं जायचं आणि पुन्हा थांबायचं.

आकारामनं थांबलं की इंजिन बंद करायचं धोरण ठेवलं. थोड्या वेळानं न्यूट्रल पडेना, क्लच जरा सैल लागायला लागला. म्हणजे तेल पातळ झालंय. त्यानं वाकून वास घेतला. नेहमीचाच गरम वास, जळका नाही. बंद केल्यावर इंजिन टिकटिक करत होतं. लोखंड निवताना तसंच करतं. एकशेतीसच्या आसपास असेल, त्यानं मनाशी म्हटलं. वर चढलंय, पण नॉर्मल.

शेजारी एक तिशीचा माणूस नव्याकोऱ्या गाडीवर होता. मागं त्याची आई. डोक्यावर पदर घट्ट आवळलेला, पायात जाड चपला. त्या गाडीतून घर्र असा आवाज येत होता आणि गरम हवा त्या माणसाच्या पायांवर येत होती. तो घाबरून तापमानाच्या काट्याकडं बघत होता. मग त्यानं इंजिनावर ओतायला म्हणून पाण्याची बाटली उघडली.

"आरं थांब, गड्या," आकाराम म्हणाला. "गरम लोखंडावर गार पाणी घालू नगंस. तडकंल."

त्या माणसाचं नाव मल्हार. म्हसवडकडचा. आई हरणाबाईला कराडला डोळ्यांच्या डॉक्टरकडं घेऊन निघाला होता. गाडी घेऊन वीस दिवस झाले होते आणि पहिल्यांदाच काटा इतका वर गेला होता. आकारामनं हेल्मेटची काच वर करून त्याला नीट सांगितलं. तुझी गाडी पाण्यावर गार होणारी. चालताना ते पाणी नव्वदच्या आसपास असतं. उभी राहिली की शंभरावर जातं, मग पंखा आपोआप लागतो. तो आवाज पंख्याचा, बिघाडाचा नाही. आतलं पाणी दाबाखाली असतं म्हणून शंभराला उकळत नाही. लाल दिवा लागला तर बंद करायची. गरम असताना रेडिएटरचं झाकण मात्र उघडायचं नाही, तोंड भाजेल. बोलत असतानाच काटा जरा खाली आला. मल्हार हसला. त्यानं ती बाटली आकारामपुढं धरली. आकारामनं नको म्हणून हात हलवला, माझ्याकडं आहे म्हणाला. त्याची बाटली अर्ध्याच्या वर भरलेली होती.

हरणाबाई त्याच्याकडं बघत होती. तिनं सारी हयात मेंढरांमागं काढली होती. कोकणाच्या वाटेपर्यंत चालत गेलेली बाई. दृष्टी अधू झाली होती, पण जवळचं तिला दिसत होतं. ती मल्हारला हळूच म्हणाली, ह्या बाबाचा घाम वाळलाय.

आकारामलाही ते जाणवलं होतं. मघापासून अंगाला घाम येत नव्हता आणि त्याला वाटलं होतं, बरं झालं, ट्रकची सावली आली असेल. अंगावर काटा आल्यासारखं झालं. पुढची रांग हलली. त्यानं बटण दाबलं, इंजिन एका फटक्यात चालू झालं. तो आवाज त्याला लांबून आल्यासारखा वाटला. आपण सातारा स्टँडवर उतरलोय, ट्रंक खांद्यावर आहे, आणि शालू दीपमालाला कडेवर घेऊन उभी आहे, असं काही तरी त्याच्या डोळ्यांपुढं आलं. ती अशी किती वेळ उभी होती हे तिला विचारायचं राहिलं होतं. ते विचारावं म्हणून त्यानं क्लचवरचा हात काढला. गाडी गचका खाऊन बंद पडली आणि तिच्याबरोबर तोही आडवा झाला.

पुढचं त्याला नंतर इतरांनी सांगितलं.

मल्हारनं आणि एका ट्रक ड्रायव्हरनं त्याला उचलून ट्रकखालच्या सावलीत नेलं. हेल्मेट काढलं. हरणाबाईनं कुणाला न विचारता त्याच्या शर्टाची बटणं तोडली, त्याचीच अर्धी भरलेली बाटली त्याच्या छातीवर, काखांत, मानेवर ओतली. मग मल्हारची, मग ड्रायव्हरची. आपल्या डोक्यावरचा पदर ओला करून त्याच्या डोक्याला गुंडाळला आणि चपलेनं वारा घालत राहिली. मेंढरू उन्हानं पडलं तर असंच करतात, असं ती नंतर म्हणाली. आकाराम काही तरी बरळत होता. ॲम्ब्युलन्स त्या गर्दीतून यायला तास गेला असता. तेव्हा मल्हारनं त्याला आपल्या गाडीवर मध्ये बसवला. मागून हरणाबाईनं दोन्ही हातांनी कवळा घातला आणि ट्रकांच्या मधून, पत्र्याच्या कडेनं, वाट काढत त्यानं गाडी कराडात एका दवाखान्यासमोर नेऊन उभी केली. काटा कुठं होता ते त्यानं बघितलं नाही. आकारामची गाडी त्या ट्रक ड्रायव्हरनं कडेला लावली आणि नंतर जवळच्या रसवंतीत ठेवून दिली. तिच्यावरची पिशवी मल्हारनं मागाहून जाऊन दवाखान्यात आणली.

दवाखान्यात ताप एकशेपाच निघाला. डॉक्टर तरुण होता. बर्फ, सलाईन, पंखे लावून त्यानं तासाभरात तो खाली आणला. हरणाबाईला तो म्हणाला की अर्धं काम तुम्ही रस्त्यातच केलं होतं.

मल्हारनं आकारामच्या फोनवरचा सगळ्यात वरचा नंबर लावला. तिथं नुसतं 'शालू' लिहिलेलं होतं.

शालूबाईनं ऐकून घेतलं. कुठला दवाखाना, कुठल्या रस्त्याला, एवढंच विचारलं. मग दीपमालाला फोन केला की आत्ताच्या आत्ता घरी ये. दीपमाला धावत आली तेव्हा आई दारातच चपला घालून उभी होती. थांब, विश्वजित गाडी करून आणतो, असं ती म्हणत होती. शालूबाई थांबली नाही. साक्षी पायाला मिठी मारून रडत होती, तिचे हात तिनं सोडवले आणि रिक्षा करून स्टँडवर गेली. कराडच्या गाडीत उभ्यानं आली. एकोणीस महिन्यांत ती पहिल्यांदाच एकटी घराबाहेर पडली होती.

संध्याकाळी पाचच्या सुमारास आकारामनं डोळे उघडले तेव्हा ती खाटेजवळच्या स्टुलावर बसलेली होती. तो बराच वेळ नुसता बघत राहिला. ती वाळली होती. कपाळावरचे केस पांढरे झाले होते, फोनवर ते कळलं नव्हतं.

"इंजनाचं समदं कळतंय तुमास्नी," ती म्हणाली. "सोताच्या अंगाचं कवा कळायचं?"

त्यानं तोंड भिंतीकडं वळवलं. बोलला असता तर रडला असता, हे दोघांनाही कळलं.

मल्हार आणि हरणाबाई ती येईपर्यंत थांबले होते. डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ निघून गेली होती. शालूबाईनं हरणाबाईचे दोन्ही हात धरले. दोघी बायका तशाच उभ्या राहिल्या. मग हरणाबाई म्हणाली, बाई, माणसाला एकटं सोडायचं वय न्हाई त्यांचं. शालूबाईनं मान हलवली. पिशवीतले तांदूळ तिनं हरणाबाईच्या ओटीत घातले.

डॉक्टरनं तीन दिवस ठेवून घेतलं. खोली लहान होती, खिडकीतून रस्ता दिसायचा. शालूबाई खाली सतरंजी टाकून झोपायची. दोघांनाही पोरांचं, म्हशीचं, कुणाचंच काम नव्हतं. करवंदांचा डबा पडून चेपला होता, तरी त्यातली निम्मी चांगली निघाली. ती एकेक पुसून खात बसायची आणि त्याला आंबट म्हणून द्यायची नाही. लग्नानंतर इतका वेळ आपण दोघंच एका खोलीत कधी होतो, हे आकाराम आठवत राहिला आणि त्याला आठवेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती म्हणाली, "गाडीवरनं कशापायी आलासा? खरं सांगा."

"तुला न्यायला."

"मग फोनवर का न्हाई बोलला?"

"तुझं तिकडं अडलं असतं. पोरं ल्हान. म्हटलं, कशाला घोर लावायचा तुला."

शालूबाई खिडकीबाहेर बघत राहिली. बाहेर एक बस थांबली, माणसं उतरली, बस गेली.

"तुमी फौजेत व्हता तवर मीबी असंच म्हणायचे," ती म्हणाली. "कागदात लिवावं म्हणायचे, या आता, लय झालं. पुना वाटायचं, तिकडं त्यांची डूटी, कशाला घोर लावायचा. न्हाईच लिवलं कवा." तिनं डब्याचं झाकण लावलं. "तुमी बोलावलं असतंसा तर मी आले असते का न्हाई, ते मला म्हाईत न्हाई. पर बोलावलं असतंसा तर लय बरं वाटलं असतं."

आकाराम कोपरावर जोर देऊन उठून बसला. मग म्हणाला, "चल की घरी."

ती हो म्हणाली नाही. उठून तिनं त्याचं पाणी बदललं, उशी सारखी केली. संध्याकाळी मात्र दीपमालाला फोन लावला आणि त्याच्यासमोरच सांगितलं की मी पंधरा दिवस गावाकडं जातेय. पलीकडं दीपमाला रडायला लागली. मी तुला अडकवून ठेवलं ना, आई, असं काही तरी म्हणत होती. शालूबाईनं तिला समजावलं नाही, रागावलीही नाही. ऋषिराजला तिखट देऊ नकोस आणि साक्षीला झोपताना तळव्याला तेल लावलं की ती लगेच झोपते, हे दोनदा सांगितलं.

विश्वजित येऊन भेटून गेला. मोटारसायकल टेम्पोत घालून त्यानंच मेढ्याला पाठवली. आकाराम आणि शालूबाई एसटीनं घरी आले.

घरी आल्यावर शालूबाईनं आधी म्हशीकडं जाऊन बघितलं, मग डबे उघडून बघितले. तीन दिवसांत घराचा वास बदलला. पहाटे दाराकडची बाजू उठायची, चूल पेटायची. आकारामला डॉक्टरनं ऊन टाळायला सांगितलं होतं. तो ओसरीत बसून तिची ये-जा बघत राहायचा. सूर्य कलला की तिला गाडीवर मागं बसवून नदीपर्यंत नेऊन आणायचा. गावाची हद्द संपली की खांद्यावरचा हात घट्ट व्हायचा.

आठ दिवस असे गेले. नवव्या दिवशी दुपारी दोन वाजता त्याला ती परड्यात नुसतीच उभी दिसली. हातात काहीच काम नव्हतं. काय झालं विचारलं तर म्हणाली, काही नाही, आता उठली असतील. दुसऱ्या दिवशीही तसंच. ज्ञानूच्या नातवाला मांडीवर घेऊन तिनं तळव्यांना तेल लावलं, ते पोर गुदगुल्या होऊन पळालं. संध्याकाळी जेवताना तिचा घास ताटातच राहायचा. तिनं तोंडानं एक अक्षर काढलं नाही. पण आकाराम एकोणीस महिने याच दुखण्यात राहिलेला माणूस. त्याला ते ओळखायला काहीच वेळ लागला नाही.

बाराव्या दिवशी तो म्हणाला, "सोमवारी सोडतो तुला साताऱ्याला. सांगलीची गाडी हाय सकाळी."

"पंधरा दिस म्हटलं व्हतं," ती म्हणाली.

"व्हय. पर तुझं ध्यान हितं न्हाई."

तिनं डोळ्याला पदर लावला. हितं हाय आन तिथंबी हाय, असं काही तरी म्हणाली. मग दोघांनी बसून ठरवलं. पोरं पुढच्या जूनमध्ये बालवाडीत जातील, तोवर दर महिन्याला आठ दिवस तिनं इकडं यायचं. एखाद्या महिन्यात आकारामनं तिकडं जायचं, म्हैस ज्ञानूकडं द्यायची. दीपमालानं या दिवसांत अर्ध्या दिवसासाठी एक बाई शोधलीच होती. आणि त्यानं जायचं ते एसटीनं, यावर शालूबाई अडून बसली. त्यानं ते कबूल केलं.

सोमवारी ऊन चढायच्या आत तो तिला गाडीवरून साताऱ्याला घेऊन आला. स्टँडवर सांगलीची गाडी लागलेली होती. तिला खिडकीची जागा मिळाली. पिशवी वर ठेवून ती खिडकीशी आली. दोघांनाही काही बोलायचं नव्हतं असं नाही, पण गाडी सुटेपर्यंत त्यांनी गोळ्यांचं आणि म्हशीच्या पेंडीचंच बोलणं केलं. गाडी हलली तेव्हा तिनं खिडकीच्या गजावर हात ठेवला. आकारामनं चार पावलं गाडीबरोबर चालत त्या हातावर आपला हात ठेवला. स्टँडवर इतकी माणसं होती, पण त्याला त्याचं काही वाटलं नाही.

घरी आला तेव्हा ज्ञानूनं विचारलं, वैनी गेल्या? गेली, म्हणाला. तिनं दोन दिवस पुरेल एवढी चटणी करून ठेवली होती. दुपारी त्यातली थोडी घेऊन तो जेवला.

दोनला फोन आला. पोहोचले, शालूबाई म्हणाली. तिचा आवाज बसला होता. ऋषिराज लगेच आला, पण साक्षी रुसली होती, जवळ यायलाच तयार नव्हती. मग मागून येऊन गळ्यात पडली ती आता सोडतच नव्हती. सांगता सांगता मागं काही तरी पडल्याचा आवाज झाला. थांबा हां, म्हणून तिनं फोन कुठं तरी ठेवला आणि गेली, ती बंद करायचं विसरूनच.

आकाराम ओसरीत बसला होता. त्यानं फोन कानाला तसाच धरून ठेवला. पलीकडं भांडं सरकवल्याचा आवाज आला. पोरं ओरडत होती. मध्येच शालूबाई कुणाला तरी दटावत होती, मग हसत होती. नळ सुरू झाला, बंद झाला. त्या घरात ती कुठून कुठं जातेय ते त्याला आवाजावरून कळायला लागलं. ती परत येऊन फोन उचलेपर्यंत तो ऐकत राहिला.